आधी द्रव्य ओळखावे

(नांदेड व लातूर जिल्ह्यांत व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या समुपदेशकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्यसनमुक्तीच्या कामात येणारा कार्यकर्ता बहुधा करुणेपोटी येतो. शेजारचे एखादे घर डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होताना त्याने पाहिलेले असते. ही तळमळ नसेल तर हे काम होतच नाही. परंतु केवळ तळमळीवर विसंबून काम केले, तर माणूस दगावू शकतो. ‘दारू असो, गांजा असो की गोळ्या, सारे विषच, आजपासून बंद!’ या वाक्याला सभेत टाळ्या मिळतात. रुग्णाच्या घरी मात्र तेच वाक्य गांजाच्या बाबतीत बहुधा निर्धोक, तर दारूच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकते. समुपदेशकाला औषधशास्त्राची किमान तोंडओळख हवी, ती यासाठी.

याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. धर्माबाद-बिलोलीला लागूनच तेलंगणातील निजामाबाद जिल्हा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेथे भेसळीच्या शिंदीविरुद्ध सरकारने कडक मोहीम उघडली, आणि थोड्याच दिवसांत रुग्णालयांत गर्दी उसळली. कोणाचे हातपाय थरथरत होते, कोणाला झटके येत होते, कोणी भ्रमिष्टासारखे वागत होते. हे लोक वर्षानुवर्षे झाडाचा रस म्हणून जे पीत होते, त्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी गुंगीची द्रव्ये मिसळलेली होती. पिणाऱ्याला ठाऊक नव्हते, पण त्याचा मेंदू त्या द्रव्यांना सरावला होता. पुरवठा एका रात्रीत थांबला आणि मेंदू उसळला. मोहिमेचा हेतू योग्यच होता. तिचे परिणाम झेलण्याची तयारी आधी झालेली नव्हती. सीमाभागातील घरात ‘आमचे हे फक्त शिंदी घेतात’ असे सांगितले गेले, तर समुपदेशकाने ते सौम्य व्यसन समजू नये.

मेंदू उसळतो म्हणजे काय होते? उताराला लागलेल्या गाडीचा कासरा गाडीवान ओढून धरतो. तो जितका ओढेल, तितके बैलही जोर लावतात. दारू आणि झोपेच्या गोळ्या हा तो कासरा. त्या मेंदूची गती दाबतात. रोज दाबली जाणारी गती राखण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवीत नेतो. अशा स्थितीत कासरा एकदम हातातून सुटला, तर बैल उधळणारच.

दारूच्या बाबतीत या उधळण्याचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. शेवटच्या प्याल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेपऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे बोलावतात, ताप चढतो. घरचे लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि मौल्यवान रात्र अंगाऱ्या-धुपाऱ्यात जाते. ही बाधा नसून रुग्णालयात न्यावी अशी तातडीची अवस्था आहे, आणि उपचार न मिळाल्यास तिच्यात मृत्यू येतो. गावात आणखी एक घोटाळा होतो. गळून पडलेल्या माणसाला सलाईन म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते. अनेक वर्षे पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो, आणि त्याची भरपाई न करता ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांना ‘अशक्तपणा आहे’ असे मोघम न सांगता ‘हे रोज पितात, परवापासून बंद आहे’ असे स्पष्ट सांगितले पाहिजे. अब्रूच्या भीतीने घरचे हे वाक्य गिळतात. ते त्यांच्या तोंडून वदवून घेणे समुपदेशकाकडे येते.

माळ घालून दारू सोडलेली माणसे मराठवाड्यात गावोगाव आहेत. त्या माळेचे सामर्थ्य कोणी नाकारू नये. पुढची कित्येक वर्षे तिने त्यांना सांभाळलेले असते. फक्त सकाळी उठताच ज्याचा हात कापतो आणि घोट घेतल्यावर स्थिरावतो, अशा माणसाने माळ घालण्याचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा. पहिला आठवडा औषधाच्या आधाराने काढावा. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तेथील मनोविकारशास्त्र विभागाचा रस्ता समुपदेशकाला डोळे मिटून ठाऊक असावा.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. अशा पुड्यांत काय असते, हे घेणाऱ्याला कळत नाही. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जीव जातो. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच ते द्यायचे असते. नवऱ्याच्या चहात ते गुपचूप मिसळणारी पत्नी दुष्ट नसते, अगतिक असते. पण ती त्याच्या जिवाशी खेळत असते. तिला दोष न देता पुडी बाजूला ठेवायला लावावी.

मराठवाड्यात ‘बटन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा धर्म दारूचाच. मात्र येथे झटका कधी कधी आठवडा उलटल्यावर येतो, तेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात. मुलाच्या दप्तरात पाकीट सापडले म्हणून बापाने ते गटारात फेकणे स्वाभाविक आहे. तसे न करता ते पाकीट डॉक्टरांकडे न्यावे. कोणती गोळी, किती आणि किती दिवस, हे कळल्यावर ती पायरी-पायरीने कमी करता येते.

अफूच्या कुळाचे वर्तन वेगळे आहे. अफू, डोडा, गर्द, कोडिनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रामाडोलच्या गोळ्या हे सारे एकाच कुळातले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने नांदेडमध्ये टाकलेल्या छाप्यात सुमारे १११ किलो डोडा सापडला होता. हा माल आपल्याकडचा नाही, असे म्हणायची सोय तेव्हाच संपली. या कुळाच्या नशेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, बद्धकोष्ठता असते. बंद केल्यावर नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, जुलाब लागतात, हाडे ठणकतात. ‘मी मरतो’ असे तो ओरडतो. अंगातले पाणी राखले, तर एरवी धडधाकट माणूस सहसा त्यात मरत नाही. या कुळाचा खरा धोका नशा सोडल्यानंतरचा आहे, त्याचा विचार शेवटी.

एमडी म्हणजे मेफेड्रोन महानगरांपुरते आहे, हा समज लातूरकरांनी एप्रिल २०२५ मध्येच सोडला असेल. चाकूर तालुक्यातील रोहिणा येथे महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने एमडीचा कारखाना उघडकीस आणून अकरा किलोहून अधिक माल जप्त केला. हे द्रव्य दारूच्या नेमके उलट. ते कासरा ओढीत नाही, बैलांना चाबूक मारते. भूक आणि झोप पळते, जबडा आवळला जातो, हृदयावर ताण येतो, संशय बळावतो. उतरताना मन इतके खचते की आत्महत्येचे विचार येतात. त्याच्या जागी देता येईल असे सिद्ध औषध नाही. येथे समुपदेशन हाच मुख्य उपचार, आणि पहिल्या काही रात्री मुलाला एकटे न सोडणे ही पहिली खबरदारी. शिकवणीसाठी लातूर-नांदेडला खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी गुणांइतकीच झोपेचीही चौकशी करावी.

गांजाबद्दल दोनच गोष्टी. तो सोडताना चिडचिड व निद्रानाश होतो, जिवावर बेतत नाही. मात्र काही तरुणांत, विशेषतः घराण्यात मनोविकार असल्यास, तो कानात आवाज आणि मनात संशय पेरतो. दुसरी गोष्ट भांगेची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत भांगेचे पान येत नाही, हे खरे. मेंदूला कायद्याची व्याख्या ठाऊक नसते, आणि द्रव्य दोहोंत तेच असते.

आता विचारणे. ‘किती पितोस?’ या प्रश्नाला खोटे उत्तर ठरलेले आहे. ‘काका, काल सकाळी उठल्यावर पहिलं काय घेतलं?’ या प्रश्नाला सहसा खरे उत्तर मिळते. मग शेवटचे कधी, सोबत गोळी असते का, पूर्वी बंद केल्यावर झटका आला होता का. घरच्या बाईला हेच वेगळे बसवून विचारावे: ‘वहिनी, मागच्या वेळी सोडली तेव्हा तिसऱ्या दिवशी काय झालं?’ तिला तारीखवार आठवत असते.

पोलिसांच्या धास्तीने पालक मुलाला लपवतात. याच कायद्यातील कलम ६४-अ नुसार, स्वतःच्या सेवनापुरता किंवा अल्प प्रमाणातील मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. हे पालकांना शांतपणे समजावावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही लिहून द्यावा.

अफूच्या कुळाचा राहिलेला धोका असा. महिना-दोन महिने केंद्रात राहून आलेल्या तरुणाचे शरीर जुनी मात्रा पेलण्याची सवय विसरलेले असते. मन विसरलेले नसते. पाय घसरला की तो जुन्याच मात्रेने सुरुवात करतो, आणि श्वास मंदावून झोपेतच जातो. घरच्यांना वाटते, थकून झोपला आहे. ओठ निळे पडले, घोरणे खोल आणि तुटक झाले, हलवूनही जाग येईना, तर त्याला कुशीवर वळवून ताबडतोब १०८ ला दूरध्वनी करायचा असतो. हे त्या घराला तो केंद्रातून परतण्याच्या आदल्या दिवशी सांगून ठेवावे.