रोंगोरोंगो : चंद्राच्या रात्रींची लिपी

रोम येथील एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या संग्रहात लाकडाची एक फळी जपून ठेवलेली आहे. लांबी सुमारे २९ सेंटिमीटर, रुंदी सुमारे २० सेंटिमीटर. शाळकरी मुलाच्या पाटीएवढी म्हटली तरी चालेल. तिचे नाव मामारी. लाकूड कोकणात व गोव्यात समुद्रकाठी सहज आढळणाऱ्या भेंडीच्या झाडाचे आहे. ही भाजीची भेंडी नव्हे, जिला कोठे कोठे पारोसा पिंपळ म्हणतात ती. तिच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी चौदा ओळी असून त्यांत सुमारे एक हजार चिन्हे कोरलेली आहेत. मासे आहेत, पक्षी आहेत, हात पसरलेली माणसे आहेत, रोपे आहेत आणि चंद्रकोरी आहेत. वाचण्याची रीतही चमत्कारिक. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून आरंभ करावयाचा, ओळ संपली की फळी उलटी फिरवून धरावयाची आणि पुढची ओळ वाचावयाची; शेताच्या बांधाशी येऊन औत वळवावे तसे.

मात्र 'वाचावयाची' हा शब्द येथे जरा धाडसाचाच आहे. कारण ही फळी आज पृथ्वीच्या पाठीवर कोणालाही वाचता येत नाही.

मामारी मूळची ईस्टर बेटावरची. तेथील लोक आपल्या बेटाला रापा नुई म्हणतात. पॅसिफिक महासागराच्या आग्नेय भागातील हे बेट उण्यापुऱ्या १६४ चौरस किलोमीटरांचे. चिलीचा किनारा तेथून साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर. याकोब रोगेव्हेन हा डच दर्यावर्दी १७२२ साली ईस्टरच्या रविवारी तेथे पोहोचला, म्हणून युरोपियनांनी बेटाला ते नाव दिले. तेथील प्रचंड दगडी पुतळे जगभर प्रसिद्ध आहेत. या काष्ठफलकांची कीर्ती त्या मानाने कमी; पण त्यांची कहाणी पुतळ्यांहून अधिक हृदयद्रावक आहे.

१८६४ च्या जानेवारीत एउजेन एरो नावाचा फ्रेंच धर्मबंधू बेटावर उतरला. नऊ महिने राहून परतल्यावर त्याने लिहिलेल्या पत्रात प्रथमच या लेखांचा उल्लेख येतो. घरोघर चिन्हांनी भरलेल्या लाकडी फळ्या व काठ्या आहेत, परंतु लोकांना आता त्यांचे फारसे महत्त्व वाटत नाही, असे त्याने नोंदविले. त्यांना महत्त्व का वाटत नव्हते, याचे उत्तर त्याच्या आगमनापूर्वीच्या वर्षभरात होते. १८६२ च्या अखेरीपासून पेरू देशातील गुलामांचे व्यापारी बेटावर धाडी घालू लागले होते. सुमारे दीड हजार माणसे त्यांनी पकडून नेली. त्यांत राजकुळातील पुरुष व जाणकार पाठकही होते. पुढे दडपण आल्यामुळे काहींना परत पाठविण्यात आले. पण बहुतेक वाटेतच मेले आणि जी मूठभर माणसे जिवंत उतरली त्यांच्याबरोबर देवीची साथ उतरली. १८७७ साली बेटावर १११ माणसे शिल्लक होती. लेखांची दखल घेणारा पहिला माणूस आला तो वाचणारे गेल्यानंतर एका वर्षाने. इतिहासात उशिराची उदाहरणे पुष्कळ आहेत, पण एवढ्या थोड्या अंतराने चुकलेली भेट क्वचितच आढळेल.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस ताहितीचे बिशप झोसां यांना बेटावरच्या नवख्रिस्ती मंडळींनी एक भेट पाठविली. ती होती माणसांच्या केसांची वळलेली लांबलचक दोरी. दोरी गुंडाळण्यासाठी एक लहानसा खाच असलेला लाकडी तुकडा घेतला होता. बिशपसाहेबांचे लक्ष दोरीकडे गेले नाही, तुकड्याकडे गेले; त्यावर तीच चिन्हे कोरलेली होती. त्यांनी लगोलग आणखी फलक मिळविले आणि ताहितीत मळ्यावर काम करणारा मेतोरो नावाचा रापा नुईचा माणूस शोधून काढला. मेतोरो फळी हाती घेई, फिरवी आणि गाऊ लागे. बिशप ते उतरवून घेत. पण नंतर पाहता त्यात सलग अर्थ लागेना. माणसाचे चिन्ह आले की 'हा माणूस', पक्षी आला की 'हा पक्षी', असेच ते बरेचसे वर्णन होते. चित्रांच्या पुस्तकाची पाने उलटीत लहान मूल गोष्ट सांगते, तसे.

१८८६ मध्ये 'मोहिकन' या अमेरिकन युद्धनौकेवरील विल्यम टॉमसन यांनी ऊरे वाए इको या वृद्धाला गाठले. धर्मगुरूंच्या भयाने म्हातारा मूळ फलकाला हात लावीना. अखेर वादळाच्या रात्री त्याच्याच झोपडीत बसून, मद्याच्या साहाय्याने, टॉमसन यांनी त्याच्यापुढे फलकांची छायाचित्रे ठेवली. म्हातारा अस्खलित म्हणू लागला. मग कोणीतरी हळूच छायाचित्र बदलले, तरी म्हणणे तसेच चालू राहिले! म्हाताऱ्याला लबाड ठरविणे सोपे आहे. ते न्यायाचे नाही. त्याला पाठ होते ते खरोखरीचे जुने पाठ होते, फक्त चिन्हांशी असलेला त्यांचा सांधा तुटला होता. संथा घेतलेल्या मुलाला पोथीतील अक्षर दाखविता येत नाही, म्हणून त्याची संहिता खोटी ठरत नाही. 'रोंगोरोंगो' या नावाचा अर्थही पठण करणे असाच आहे.

वाचणारे नाहीत म्हटल्यावर तर्काला रान मोकळे झाले. १९३२ साली पॅरिसमध्ये राहणारे हंगेरियन गृहस्थ गीयोम द हेवेशी यांनी ईस्टर बेटाची चिन्हे मोहेंजोदडोच्या मुद्रांवरील चिन्हांशेजारी मांडली आणि शंभरावर जोड्या जुळवून दाखविल्या. सिंधू संस्कृतीचा शोध ताजा होता. जॉन मार्शल यांनी तो १९२४ साली जाहीर केलेला. दोन न वाचलेल्या लिप्या एकमेकींच्या बहिणी निघाल्या, या कल्पनेने विद्वानही क्षणभर मोहून गेले. भारतीय वाचकाच्या मनाला तर ती आजही गुदगुल्या करते. त्यात आणखी योगायोग असा, की मोहेंजोदडोपाशी पृथ्वीच्या गोलात सुई खुपसून ती मध्यातून आरपार नेली, तर ईस्टर बेटापासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर बाहेर निघेल. दोन्ही स्थळे एकमेकांच्या जवळजवळ नेमकी तळाशी आहेत!

परंतु योगायोग म्हणजे पुरावा नव्हे. आल्फ्रेद मेत्रो या मानवशास्त्रज्ञाने १९३४-३५ मध्ये प्रत्यक्ष बेटावर जाऊन अभ्यास केला आणि या जोड्यांची चिकित्सा केली. काही चिन्हे जुळावीत म्हणून रेखाटनांत बारीक फेरफार झालेले आहेत, असा त्याचा आक्षेप होता. तो बाजूला ठेवला तरी काळाचे काय करावयाचे? सिंधूच्या मुद्रा इ. स. पू. १९०० च्या सुमारास मावळल्या. रापा नुईवर पहिली वस्ती झाली ती साधारण इसवी सनाच्या बाराव्या-तेराव्या शतकात. मधल्या तीन हजार वर्षांत आणि अर्ध्या पृथ्वीच्या प्रवासात या लिपीचे एकही अक्षर कोठे पडलेले नाही. माणूस, मासा, चंद्रकोर ही चित्रे कोणीही काढली तरी थोडीफार सारखीच निघणार. आकाराच्या साम्यावरून नाते ठरवू गेले तर जगात परके असे कोणी उरणारच नाही.

मग नाते ठरते कशावरून? ते ठरते नियमाने होणाऱ्या फरकांवरून, आणि याचे रापा नुईइतके सुरेख उदाहरण दुसरे मिळणे कठीण. ही भाषा पॉलिनेशियन कुळातील. त्या कुळाचा विस्तार एका विशाल त्रिकोणात आहे : उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड, पूर्वेस रापा नुई, एकेक बाजू सुमारे सात हजार किलोमीटरांची. तीन या संख्येला रापा नुईत आणि न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'तोरू' म्हणतात, हवाईत 'कोलू'. पाचाला तिकडे 'रिमा', हवाईत 'लिमा'. रोंगो हा माओरींचा देव हवाईत 'लोनो' होतो. म्हणजे हवाईत 'त'चा 'क', 'र'चा 'ल' आणि अनुनासिक 'ङ'चा 'न' होतो. एकदा नव्हे, शब्दामागून शब्दात. असे फरक योगायोगाने पडत नाहीत.

हीच कसोटी आकाशाकडे वळवली की खरी मौज सुरू होते. हे लोक दिवस मोजीत नसत, रात्री मोजीत. आणि चांद्रमासाच्या प्रत्येक रात्रीला नाव असे. पौर्णिमेच्या अलीकडच्या रात्री रापा नुईत महारू, ओहुआ, ओतुआ आणि पुढे राकाऊ. माओरींत मावहारू, ओहुआ, अतुआ, राकाऊनुई. हवाईत मोहालू, हुआ, अकुआ, लाआऊ. महिन्याच्या शेवटी रापा नुईत रोंगो, माऊरी, ओमुतू. हवाईत लोनो, माऊली, मुकू. माओरींत रोंगोनुई, माऊरी, मुतूव्हेनुआ. 'मुतू' म्हणजे संपणे. गावोगावच्या याद्यांत फरक आहेत, मध्ये एखादे नाव अधिक-उणे होते. पण क्रम ओळखू येतो. शतकानुशतके एकमेकांना न भेटलेल्या या मंडळींनी पूर्वजांचे पंचांग तोंडपाठ ठेवले. रापा नुईत काही रात्रींना नुसते क्रमांक आहेत : कोकोरे एक, कोकोरे दोन, शुक्ल पक्षात सहापर्यंत आणि वद्य पक्षात पाचापर्यंत. द्वितीया, तृतीया म्हणणाऱ्याला त्यात काही नवल वाटू नये.

ही यादी टॉमसन यांनी १८८६ मध्ये उतरवून घेतली होती म्हणून बरे. कारण १९५८ साली जर्मन पंडित टोमास बार्टेल यांनी सर्व फलकांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा मामारीच्या एका अंगावरील दोन-अडीच ओळींत त्यांना वारंवार येणाऱ्या चंद्रकोरी दिसल्या. बार्टेल युद्धकाळात सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केलेले. पुनरावृत्ती हेरण्याची सवय तेथे लागलेली. कोरींचे गट मोजून यादीशी ताडले असता हे महिन्याच्या रात्रींचे कोष्टक आहे, असे निघाले. मधोमध पौर्णिमेचे चिन्ह : वर्तुळात बसलेली आकृती. याच चिन्हापाशी मेतोरोने 'आकाशात भट्टी पेटविणारी म्हातारी' असे शब्द म्हटले होते. आपल्या चंद्रावर ससा, त्यांच्या चंद्रावर जमिनीतल्या भट्टीजवळ बसलेली म्हातारी! ज्या मेतोरोला विद्वानांनी निकामी ठरविले होते, त्याच्या गाण्यात हा एक दाणा शाबूत होता.

१९९० मध्ये झाक गी यांनी याच ओळींचा आणखी बारीक अभ्यास केला. कोरींच्या गटांमध्ये चिन्हांची एक ठरावीक मालिका आठ वेळा येते आणि तिच्या शेवटी मासा असतो. पौर्णिमेपूर्वीच्या चार ठिकाणी माशाचे डोके वर, नंतरच्या चार ठिकाणी खाली. वाढता चंद्र आणि उतरता चंद्र. चांद्रमास कधी एकोणतीस रात्रींचा, कधी तिसांचा. तेव्हा अठ्ठावीस ठरलेल्या रात्रींत होतू व हिरो या दोन जादा रात्री केव्हा घालावयाच्या याच्या सूचना ही मालिका देत असावी, असे गी यांचे अनुमान आहे. अनुमानच; पण क्षयतिथी आणि वृद्धितिथी पाहण्याची सवय असलेल्याला ते पटण्यासारखे आहे. मात्र एवढे समजूनही एकाही चिन्हाचा उच्चार हाती लागलेला नाही. घड्याळ आहे हे कळले, आकडे वाचता येत नाहीत.

चंद्राइतकेच ताऱ्यांनाही महत्त्व होते. बेटाच्या पूर्व टोकाला पोइके नावाच्या भागात 'पापा उई हेतूउ' नावाचा खडक आहे. तारे पाहण्याचा खडक. कॅथरीन रूटलेज या इंग्रज विदुषीने १९१४-१५ मध्ये बेटावर राहून ज्या नोंदी केल्या त्यांत तो येतो. कृत्तिकांच्या पुंजक्याला रापा नुईत आणि माओरीत मातारिकी म्हणतात, हवाईत माकालिई. माओरींचे वर्ष कृत्तिका पहाटे पुन्हा दिसू लागल्या की सुरू होते. न्यूझीलंडमध्ये २०२२ पासून त्यासाठी सार्वजनिक सुट्टी आहे. हवाईत त्याच कृत्तिका सूर्यास्ताच्या वेळी पूर्वेला उगवल्या की सणांचा काळ सुरू होई. ही वेळ नोव्हेंबरातली, म्हणजे आपल्या कार्तिकाच्या आसपासची. आणि कार्तिकाला ते नाव कृत्तिकांवरूनच पडले आहे. येथे मात्र हेवेशींचा मोह टाळला पाहिजे. मातारिकी आणि माकालिई यांत भाषेचे नाते आहे. कार्तिक आणि माकालिई यांत नाही. तेथे दोन समाजांनी एकाच पुंजक्याकडे वर मान करून पाहिले, इतकेच.

लिपी किती जुनी, हा वाद अजून मिटलेला नाही. १७७० साली स्पॅनिश नौदलाने बेट ताब्यात घेतल्याच्या कागदावर तेथील लोकांकडून चिन्हे करवून घेतली. लेखनाची कल्पना त्यातूनच सुचली, असे काहींचे म्हणणे. उलट २०२४ मध्ये रोममधील चार फलकांच्या लाकडाची कार्बन पद्धतीने केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. तीन फलकांचे लाकूड अलीकडच्या काळातले निघाले. चौथ्याचे झाड मात्र १४९३ ते १५०९ या दरम्यानचे, म्हणजे कोणतेही युरोपियन जहाज बेटाकडे फिरकण्यापूर्वी दोनशे वर्षांचे. जुन्या लाकडावर नंतरही कोरता येते, हा आक्षेप राहतोच. पण तो चौथा फलक कोणता, हे सांगितले पाहिजे. बिशप झोसांना आलेल्या केसांच्या दोरीच्या आत जो होता, तोच.

जगात असे कोरलेले नग आज दोन डझनांच्या आसपास आहेत. रोम, सेंट पीटर्सबर्ग, लंडन, सांतियागो अशा शहरांच्या संग्रहांत ते विखुरलेले आहेत. रापा नुईवर एकही नाही. तेथील कारागीर छायाचित्रांवरून नकला कोरतात. मासे वर आणि मासे खाली, चंद्रकोरी जशाच्या तशा.