भ्यालात तर सांगा

पहिल्या रांगेत बसलेले आमचे गणिताचे सर, दहावी 1982च्या तुकडीतले माझे मित्रमैत्रिणी आणि मुलामुलींनो,

मुख्याध्यापक सरांनी निमंत्रण देताना विषयही दिला होता, पशुवैद्यक क्षेत्रातल्या संधी. कबूल केलं आहे म्हणून आधी तेच सांगतो. बारावीला विज्ञान, त्यात जीवशास्त्र हवं. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मग साडेपाच वर्षांचं शिक्षण, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं महाविद्यालयं आहेत. सरकारी नोकरी आहे, दूध संघात काम आहे, स्वतःचा दवाखाना काढता येतो. रात्री दोन वाजता गोठ्यात गुडघे टेकायची ज्याची तयारी आहे त्यानं जरूर यावं, आणि मुलींनी तर यावंच. बाकी काही विचारायचं असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला गाठा.

आता समोर इतकी ओळखीची माणसं बसली आहेत की मला दुसरंच बोलावंसं वाटतंय.

आमच्या वेळी हा हॉल नव्हता. स्नेहसंमेलनाचा मांडव मैदानात पडायचा. रंगमंच म्हणजे वर्गातली टेबलं एकमेकांना सुतळीनं बांधलेली, आणि पडदा म्हणजे शिक्षकांच्या घरून मागून आणलेल्या चादरी. नाटकात मी शिपायाचं काम केलं होतं. माझी वाक्यं दोनच होती, पण ती ऐकायला आई डोंगरापलीकडून चालत आली होती. त्या नाटकातला राजा आज तिसऱ्या रांगेत बसला आहे, पांढरी टोपी घालून. हात वर कर रे! हा आमचा वर्गाचा मॉनिटर. याच्याबद्दल पुढं सांगणार आहे.

गणिताचे सर, तुमचा तास आठवतो. फळ्यावर उदाहरण सोडवून झालं की तुम्ही वळायचात आणि विचारायचात, ‘कुणाला कळलं नाही?’ वर्ग चिडीचूप. एकच हात वर जायचा, मुलींच्या पहिल्या बाकावरून. ती म्हणायची, ‘सर, मला नाही कळलं.’ तिच्यामुळं तुम्ही पुन्हा सांगायचात आणि आम्हा सगळ्यांना कळायचं. पुढं ती आरोग्यसेविका झाली, राजूरच्या बाजूला पाड्यापाड्यांवर चालत जाऊन तिनं लसी टोचल्या. आज ती इथं बसली आहे. मुलांनो, भाषण संपल्यावर तिला नमस्कार करा. तो वर गेलेला हात मला आज तुमच्यापुढं ठेवायचा आहे.

त्या हाताची किंमत मला कळली ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतल्या डिसेंबरातल्या एका रात्री. कळसच्या बाजूला एका वस्तीवर गाय अडली होती. वासराचा एक पाय आत दुमडलेला. कोपरापर्यंत हात घालून पाय सरळ केला, वासरू ओढून काढलं, नाकातोंडातली घाण पुसली, त्यानं श्वास घेतला. घरच्यांनी जेवून जा म्हणून आग्रह केला, पण उशीर झाला होता. हात धुतले आणि मोटरसायकलला किक मारली.

वाट बैलगाडीची. एका बाजूला तोड झालेलं रान, दुसऱ्या बाजूला उभा ऊस. वळणावर दिव्याच्या झोतात दोन डोळे चमकले. मी ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. जुन्या गाडीचा दिवा इंजिनाबरोबर विझतो. मिट्ट काळोख झाला आणि त्या काळोखात आठ-दहा पावलांवरून गुरगुर ऐकू आली. ती कानांनी कमी आणि छातीत जास्त ऐकू येते. मी जनावरांचा डॉक्टर. बिबट्याचा आवाज मला ओळखू आला, आणि माझ्या बाहीला गाईच्या वारेचा, रक्ताचा वास येतोय हेही त्याच क्षणी लक्षात आलं. तो वास भुकेल्या जनावराला काय सांगतो, ते मला पुस्तकातून पाठ होतं.

पिशवीतली बॅटरी सापडायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. उजेड पडला तेव्हा बिबट्याची मादी वाटेच्या मधोमध होती, कान मागं पाडलेले, दात दिसत होते. तिच्या मागून एक पिल्लू, मांजरापेक्षा थोडं मोठं, तोड झालेल्या रानातून उसाकडं निघालं होतं. त्याच्या मागं दुसरं. दोन्ही पिल्लं उसात शिरेपर्यंत ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मग वळली आणि पाचटाचा आवाजसुद्धा न करता निघून गेली.

मला ओरखडाही आला नाही, पण गाडी पुन्हा चालू करायची ताकद पायात उरली नव्हती. ती ढकलत मी दिसेल त्या दिव्याकडं निघालो. तो दिवा या मॉनिटरच्या वस्तीवरचा होता. लग्नाकार्यात रामराम व्हायचा, एवढाच आमचा संबंध उरला होता. कुत्री भुंकली, यानं आतून ‘कोण आहे?’ म्हणून आवाज दिला. माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता गूळ-पाणी आणून हातात दिलं. मी ओसरीवर बसलो आणि साठीला आलेला माणूस लहान पोरासारखा रडलो. ‘अरे, मी फार भ्यालो,’ म्हणालो.

माझ्याजवळ बसून तो म्हणाला, ‘मी रोज भितो.’ त्याची परवानगी घेऊन सांगतोय. तेव्हा शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. रात्रपाळी आली की दोन वाजता मोटर चालू करायला, बारं फिरवायला उसात जायचं. बायकोला सांगितलं तर ती झोपणार नाही, पोराला सांगितलं तर तो शेती सोडेल, म्हणून कितीतरी वर्षं त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. बिबट्यापासून सुरू झालं ते कर्जावर गेलं, दुखण्यांवर गेलं, गेलेल्या आईबापांवर गेलं. शाळेतसुद्धा आम्ही कधी इतकं बोललो नव्हतो.

त्या रात्रीनंतर मला बिबट्याही वेगळा दिसू लागला. तुम्हा मुलांना हे माहीत हवं. आपल्या अकोले तालुक्यात, याच प्रवरेच्या काठी, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसात कॅमेरे लावून अभ्यास केला. जिथं चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात, तिथं शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाचेक बिबटे निघाले, आणि तितकेच तरस. बिबट्यांचं खाणं तपासलं तर बहुतेक पाळीव जनावरं, त्यातही सगळ्यात जास्त कुत्री. धरणाच्या पाण्यावर ऊस आला, उसात बारा महिने आडोसा मिळाला, बिबट्याच्या पिढ्या तिथंच जन्मल्या. पिंजरा लावून धरून दूर सोडला की प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं. शेजारच्या जुन्नर भागात तसं मोठ्या प्रमाणावर करून बघितलं, तेव्हा माणसांवरचे हल्ले उलट वाढले.

आपल्या जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला 2009च्या उन्हाळ्यात एक वयस्क नर विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढलं, गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. त्याच्या शांतपणामुळं त्याचं नाव ‘आजोबा’ पडलं. तो महिनाभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानाकडं पोचला. वाटेत रस्ते, रेल्वे, खाडी, वस्त्या, आणि तो सगळीकडं माणसाला चुकवत गेला. 2011मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेनं तो मेला. त्याच्यावर चित्रपट निघाला, तो तुम्ही पाहिला असेल. त्या रात्री माझ्यासमोरची मादीही घाबरलेलीच होती. ती पिल्लांसाठी उभी राहिली, मी आपला जिवासाठी.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी बिबट्यानं मारलेल्या शेळीच्या पंचनाम्याला गेलो की आधी तिच्या मालकिणीजवळ बसायचो. मानेवरच्या सुळ्यांच्या खुणा नंतर मोजायचो. मालकिणीला भरपाईच्या पैशाआधी हे सांगायचं असायचं की रात्री दावं तुटल्याचा आवाज आला तेव्हा ती किती घाबरली.

आपल्या वाडवडिलांना हे पक्कं कळलं होतं. डोंगराकडच्या आपल्या महादेव कोळी आणि ठाकर गावांत वाघबारस असते. दिवाळीच्या तोंडावर गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, नैवेद्य दाखवतात, एकत्र जेवतात. ज्याला सगळं गाव भितं, त्याचाच सण, आणि तो कुणी एकट्यानं करायचा नाही. आमच्या तुकडीनं त्या रात्रीनंतरच्या वाघबारसेला या मॉनिटरच्या वस्तीवर जमायचं ठरवलं. पुण्याहून, नाशिकहून, मुंबईहून सगळे आले. बाजरीच्या भाकरी, मासवडी, रस्सा. मासवडी थापायला मुलींपेक्षा मुलंच पुढं होती. आमच्यातल्या एकानं बायपासची शस्त्रक्रिया कुणालाच कळवली नव्हती, ती त्यानं त्या पंगतीत सांगितली. एकीनं करोनाच्या वॉर्डात घालवलेल्या रात्रींबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं. हसलोही खूप. नाटकातली माझी दोन वाक्यं या राजाला अजून पाठ आहेत! आता दर वाघबारसेला आम्ही जमतो, कुणी चुकत नाही.

इतिहासाच्या बाई समोर बसल्यात, म्हणून नगरच्या किल्ल्याचं एक सांगतो. 1942च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे नेते तिथं आणून ठेवले. नेहरूंनी 1944 साली तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे तुम्ही पाठ केलंय. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद पहाटे उठून स्वतः चहा करायचे आणि एका मित्राला पत्रं लिहायचे. ती टपालात पडणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. 1943मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली, तेव्हाही ते किल्ल्यातच होते. तेही त्यांनी मित्राला लिहिलं. पुढं त्या पत्रांचं ‘गुबार-ए-खातिर’ झालं. एवढा मोठा माणूस, इतक्या भिंतींच्या आत, त्यालाही मनातलं सांगायला मित्र लागला.

म्हणून दहावीतल्या, बारावीतल्या मुलांनो, भ्यालात तर सांगा. पेपरला भ्यालात, सांगा. कुणी त्रास देतंय, सांगा. घरी बाप दारू पिऊन येतो, सांगा. मुलींनो, एसटी स्टँडवर कुणी मागं लागलं तर त्याच दिवशी सांगा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. मुलांनो, तुम्हाला लहानपणापासून ‘पोरगा असून रडतोस?’ असं ऐकवलं जातं. ते ऐकू नका. फोनवर स्टेटस ठेवणं म्हणजे सांगणं नव्हे. समोर बसून, डोळ्यांत बघून सांगा. आणि कुणी तुम्हाला सांगायला आला तर हसू नका, सल्ला देऊ नका, आधी पाणी द्या. पालकांनो, पोरगं सांगायला आलं तर हातातलं काम बाजूला ठेवा. सर, तुम्ही आम्हाला हेच विचारत होतात, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी.

बिबट्या दिसला तर पळू नका, घोळका करून त्याच्या मागं जाऊ नका, पिल्लं दिसली तर हात लावू नका. ऊसतोडीत सापडलेली पिल्लं त्याच जागी ठेवली की बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. वनखात्याचा नंबर 1926. लक्षात ठेवायला सोपा, आपलं भंडारदरा धरण पूर्ण झालं ते सालही 1926च.

बक्षीस समारंभ आणि मग तुमचे नाच आहेत, सुटायला साडेआठ तरी वाजतील. वस्त्यांवरची मुलं बरीच आहेत, हे मुख्याध्यापक सरांशी मघाशीच बोललो. आमची तुकडी शेवटपर्यंत थांबणार आहे. कळस, सुगावकडची मुलं या टोपीवाल्या राजाच्या ट्रॅक्टरमागं थांबा. इंदोरी, रुंभोडीकडची माझ्याबरोबर, जीप बाहेर उभी आहे. गावातल्याच मुली आरोग्यसेविका ताईंबरोबर चालत जातील. कुणी एकट्यानं निघायचं नाही, आणि वाटेत मोबाईल खिशात ठेवून मोठ्यानं गप्पा मारायच्या.

सर, पहिलं बक्षीस तुमच्या हातून द्यावं, अशी माझी विनंती आहे. मी बाजूला उभा राहून ताट धरतो.