अटकेतला माणूस एकदम गप्प झाला तर



रास्ता रोको आपल्याला नवा नाही, अटकही नवी नाही. पण पोलिसांनी धरलेल्या माणसाचा जीव जागच्या जागी कसा जातो, हे आपण कधी नीट समजून घेतलं नव्हतं. आज तेवढंच बोलायचं आहे.

अमेरिकेत मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडला रस्त्यावर पालथा पाडला. हातांत मागून बेड्या, मानेवर गुडघा. नऊ मिनिटांहून जास्त वेळ. 'श्वास घेता येत नाही' असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बोलायला पुष्कळ हवा लागते, असं उत्तर त्याला मिळालं. मग तो गप्प झाला. याला कुशीवर वळवायचं का, असं एका पोलिसानं विचारलंही होतं. वळवलं नाही.

बोलायला जराशी हवा पुरते. जगायला छाती फुगावी लागते. छाती म्हणजे लोहाराचा भाता; खालून डांबरी रस्ता आणि वरून माणसाचं वजन, तर भाता फुगणार कुठून? त्यातून तो धावून दमलेला, पोट सुटलेला, दम्याचा किंवा प्यालेला असेल तर धोका आणखी. घुसमटणारा माणूस हातपाय झाडतो. वरच्याला वाटतं, हा अजून जोर करतोय. तो जास्त दाबतो. मग अंग सैल पडतं आणि वरचा म्हणतो, 'झाला शांत.' भावांनो, ही शांतता नव्हे.

अशा वेळी पाठीवरचं वजन काढायचं, कुशीवर घ्यायचं किंवा बसतं करायचं. हाक मारून पाहायची. ओ देत नसेल, अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर तो श्वास धरायचा नाही; उताणा करून छातीच्या मधोमध जोरानं, भराभर दाबायला लागायचं आणि १०८ ला फोन करायचा. आपण गर्दीत असू तर अंगावर धावून जायचं नाही. धावलो की पोलीस आणखी आवळतात. एकानंच मोठ्यानं सांगायचं, 'साहेब, कुशीवर घ्या, याचा श्वास कोंडतोय!' दुसऱ्यानं घड्याळ बघायचं.

आमच्याच एका आंदोलनात साखरेचा आजार असलेला एक कार्यकर्ता सकाळी इन्शुलिन टोचून, न जेवता गाडीत चढला. दुपारी घामाघूम. हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय, शिपायालाच ढकलतोय. 'प्यालाय' म्हणून त्याला कोपऱ्यात बसवला. आम्हीही हसलो, हे आज कबूल करतो. त्याच्या कारभारणीनं मात्र ओळखलं आणि गुळाचा खडा तोंडात घातला. थोड्या वेळानं गडी आम्हाला नावानं हाका मारू लागला. (शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, नरड्यात अडकतं.) उन्हाळ्यात बंद गाडीत अंग तापून बरळणारा किंवा फवारणीवरून आलेला, तोंडाला फेस असलेला माणूसही असाच दारुड्यात जमा होतो. दोघांनाही दवाखाना लागतो.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लवकर डॉक्टरी तपासणी व्हायला हवी. कलम ५६ प्रमाणे कोठडीतल्या माणसाच्या प्रकृतीची काळजी घेणं हे त्याला ताब्यात ठेवणाऱ्याचं कर्तव्य आहे. हे दोन आकडे पाठ करा.

आणि मोर्चाला येताना ज्याला साखर, दमा, फिट, हृदयाचा त्रास असेल त्यानं औषधाची चिठ्ठी खिशात ठेवावी आणि शेजारच्याला सांगून ठेवावं. गुळाची ढेप या वेळी आम्ही आणतो.