फॅमिलीसाठी उत्तम वस्ती

(वस्तीतल्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला डॉक कामगार. न्हावा-शेव्याला लॅशिंग गँगमध्ये आहे. जहाजावर एकावर एक चढवलेले कंटेनर लोखंडी रॉडनं आवळायचे आणि सोडायचे, हा माझा धंदा. कविताही करतो, पण आज कविता नाही. आज आपण राहतो त्या जागेबद्दल बोलायचं आहे.

नेरूळ-सीवूड्सची जाहिरात करताना लिहितात, 'समुद्रकाठची, फॅमिलीसाठी उत्तम वस्ती.' यातला समुद्र आधी बाजूला काढू. स्टेशनच्या नावात 'सी', रस्त्याच्या नावात 'बीच', पण मूठभर वाळू मिळायची नाही. आहे ती ठाण्याची खाडी, चिखल आणि तिवरं. ते चालेल. माझं भांडण 'फॅमिली' या शब्दाशी आहे.

खरं ते कबूल केलं पाहिजे, जागा चांगली आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि शेतं, मिठागरं, खाजणं घेऊन हे शहर उभं राहिलं. जमीन भरतीच्या पातळीखाली, म्हणून पावसाचं पाणी थोपवायला धारण तलाव केले. भरतीला त्यांची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. नेरूळच्या तलावाकाठी आज फिरायची वाट आहे. संध्याकाळी माझी लेक तिथं पोटभर धावते. कुणी म्हणेल, श्रीमंतांची वस्ती आहे, थुंका तिच्यावर. मी का थुंकू? माझ्या बापानं जालन्याहून येऊन इथल्या स्लॅबची घमेली वाहिलीत.

१९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी रस्त्यावर उतरला. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के जमिनीचा हक्क निघाला. त्या हक्काला आमचा सलाम आहे. पण तो हिशेब सातबाऱ्यावरून झाला. बाहेरून आलेल्या बिगाऱ्याकडे कुठला सातबारा? त्याच्या वाट्याला गावठाणातली भाड्याची खोली. आम्ही सहाजण आजही करावे गावात एका खोलीत राहतो.

आई टॉवरमध्ये धुणंभांडी करते आणि तिथलं एक मूल सांभाळते. मूल कडेवर असलं की तिनं मोठ्या लिफ्टनं जायचं. मूल घरी सोडून एकटी उतरली की सामानाच्या लिफ्टनं. म्हंजे त्या पोराच्या अंगाला चिकटलेली असते तेवढा वेळच माझी आई माणूस! दोस्तहो, त्यांची फॅमिली कुणाच्या हातावर उभी आहे, हे यावरून ओळखा.

गेल्या वर्षी मी दोन खोल्यांचं घर शोधायला निघालो. पगाराची स्लिप खिशात, डिपॉझिट तयार. एजंट म्हणाला,

"भाऊ, मालक फॅमिलीलाच देतात."

"सहाजण आहोत. याहून मोठी फॅमिली कुठली?"

"उत्तम! आडनाव काय?"

मी सांगितलं. "कळवतो," म्हणाला. अजून कळवतोच आहे. दुसरा म्हणाला, मालक व्हेज आहेत. तिसऱ्यानं आडपडदाच ठेवला नाही, "तुम्ही त्यांच्यातले का?" म्हणाला. मी उतरवलेल्या कंटेनरमधला सोफा त्या घरात जातो, आईच्या हातची भाकरी त्या घरात चालते, आम्ही बिऱ्हाड घेऊन गेलो की मात्र जागा संपते.

लोक म्हणतात, घर मालकाचं आहे, त्याची मर्जी. साफ खोटं! १९५५ चा कायदा आहे, १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या कलम ४ मध्ये राहती जागा घेणं आणि तिथं राहणं स्पष्ट लिहिलेलं आहे. अस्पृश्यतेच्या कारणानं त्यात आडवं आलं तर एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ तर आपल्या हातातलं हत्यार आहे. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत असा गुन्हा झाला, तर तो अस्पृश्यतेपोटीच झाला असं कोर्टानं धरून चालायचं. तसं नव्हतं, हे समोरच्यानं सिद्ध करायचं.

मग कायदा झोपतो कुठं? फोनवर. एजंट लिहून काहीच देत नाही. म्हणून आजपासून एक करा. घर बघायला एकटे जाऊ नका, साक्षीला दोघं न्या. नकार आला की कारण मोबाईलवर लिहून मागा. तारीख, वेळ वहीत टिपा. एका वस्तीतून अशा दहा वह्या निघाल्या की पोलीस ठाण्यात एकट्याचं रडगाणं राहत नाही, पुरावा होतो.

खाडीत दरवर्षी रोहित पक्षी येतात. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पाखरांची जागा कागदावर आली, चांगलं झालं. आपली जागा १९५५ पासून कागदावर आहे. तो कागद आता घराघराच्या दारावर वाजवायचा आहे. फॅमिली आम्हीसुद्धा आहोत, आणि उत्तम आहोत.

जय भीम!