तुमचा मेसेज पुसला, पण त्याच्या लॅपटॉपवर?

करमाडहून बोलतोय. शेंद्रा एमआयडीसीत नोकरी लागली की इथली पोरं आधी फोन बदलतात, मग लॅपटॉप घेतात. आज त्याच लॅपटॉपमधलं एक सेटिंग बघू: रिकॉल.

मायक्रोसॉफ्टनं ते मे 2024 मध्ये जाहीर केलं, टीका झाली म्हणून थांबवलं आणि एप्रिल 2025 पासून कोपायलट प्लस लॅपटॉपवर आणलं. दर काही सेकंदांनी ते स्क्रीनचा फोटो काढून ठेवतं. ‘तो पीककर्जाचा फॉर्म कुठं पाहिला होता?’ असं विचारलं की शोधून देतं. फोटो लॅपटॉपवरच राहतात, एन्क्रिप्ट होऊन. आपण हो म्हटल्याशिवाय चालू होत नाही. पण लॅपटॉप सुरू करून देणाऱ्यानंच ‘येस, येस’ दाबलं असेल तर?

म्हणून उघडा: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, रिकॉल अँड स्नॅपशॉट्स. ‘सेव्ह स्नॅपशॉट्स’ बंद करा. आधीचे असतील तर तेही डिलीट करा. चालूच ठेवायचं असेल तर बँकेची साईट आणि चॅटची अ‍ॅप्स फिल्टरमध्ये टाका.

आता फोनवाल्यांनो, तुमचा संबंध काय? मैत्रिणीनं आपोआप पुसला जाणारा मेसेज पाठवला, तुम्ही तो लॅपटॉपवर उघडला. तिच्या फोनवरून तो गेला. तुमच्याकडे त्याचा फोटो राहू शकतो. तिला कुणी विचारलंच नाही. म्हणूनच सिग्नलनं मे 2025 मध्ये विंडोज 11 वर आपली स्क्रीन अशा फोटोंपासून झाकली. सगळी अ‍ॅप्स तसं करत नाहीत. तेव्हा आपलं सेटिंग आजच बघा, आणि खासगी काही पाठवण्याआधी समोरच्यालाही विचारा, ‘तुझं रिकॉल बंद आहे ना?’