हरवलं कोण होतं?

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आत्ता आपण जे गाणं ऐकलं, ते १९७२ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मसल शोल्स साउंड या स्टुडिओत मुद्रित झालं. गाणारीचं नाव बेटी लव्हेट. ज्या संचासाठी ती हे गाणं गायली, तो लोकांच्या हाती पडला २००० साली. मधली २८ वर्षं टेप कंपनीच्या ताब्यात होत्या आणि बाई डेट्रॉइट शहरात गात होती. मला आज बोलायचं आहे ते या २८ वर्षांबद्दल.

नाव ऐकून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. आपल्या कानाला ‘बेटी’ म्हणजे लेक. ही लेक मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावची, जन्म १९४६. मूळ नाव बेटी जो हॅस्किन्स.

मी पाश्चात्त्य संगीतातली जाणकार मुळीच नाही. भाचीनं तिची गाणी ऐकवली, आवाजानं धरून ठेवलं, मग मिळेल ते वाचत गेले. ‘सोल’ म्हणजे आत्मा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगीत आणि त्यांच्याच वस्तीतलं नाचाचं, प्रेमाचं, दारूच्या गुत्त्यातलं गाणं यांच्या मिलाफातून १९५०-६०च्या सुमारास हे संगीत उभं राहिलं. ॲरेथा फ्रँकलिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ती धर्मोपदेशकाची मुलगी, चर्चमध्ये गात मोठी झालेली. आपल्या बेटीचं तसं नाही. तिच्या आईवडिलांच्या घरी मक्याची दारू विकली जायची आणि बैठकीच्या खोलीत नाणं टाकलं की गाणं वाजवणारा ज्यूकबॉक्स होता. गावोगाव फिरणारे भजनी गायकसुद्धा कार्यक्रम संपला की घसा ओला करायला तिथंच यायचे. म्हणजे देवाची गाणी आणि गुत्त्याची गाणी या पोरीनं एकाच खोलीत ऐकली. तिच्या गाण्यात जो एक रोखठोकपणा आहे, देवाचा फारसा आधार न घेता दुःख सांगण्याची जी पद्धत आहे, तिचं मूळ मला तिथं दिसतं.

१९६२ साली, सोळाव्या वर्षी, तिची पहिली तबकडी निघाली. ती करवून घेणारी व्यक्ती होती जॉनी मे मॅथ्यूज. नाव पुरुषी वाटलं तरी ही बाई. स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून चालवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तिची गणना होते. डेट्रॉइटच्या संगीताचा इतिहास सांगताना मोटाउन कंपनी आणि तिचे मालक यांच्यावर पानंच्या पानं लिहिली जातात, या जॉनी मेला मात्र दोन ओळी मिळतात. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. ती तबकडी ॲटलांटिक या मोठ्या कंपनीनं वितरणासाठी घेतली आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत ती पहिल्या दहांत गेली. १९६५ साली आणखी एक गाणं गाजलं. मग छोट्या कंपन्या, एकेक तबकडी, थोडं नाव, पुन्हा शांतता. दहा वर्षं अशी गेली, पण तिच्या नावावर एकही पूर्ण संच नव्हता.

म्हणून १९७२चं महत्त्व. ॲटलांटिकनं पुन्हा करार केला आणि तिला मसल शोल्सला पाठवलं. टेनेसी नदीकाठचा हा छोट्या गावांचा पुंजका. तिथले वादक गोरे, पण त्यांच्या साथीनं कृष्णवर्णीयांची कितीतरी गाणी देशभर गाजलेली. १९६७ साली ॲरेथाचं नशीब पालटलं ते याच परिसरातल्या फेम स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणापासून. तिथं आता बेटी गेली. निर्माता ब्रॅड शपिरो. संचाचं नाव ठरलं ‘चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज’, म्हणजे सत्तरच्या दशकाचं लेकरू. प्रचाराच्या दौऱ्याची विमानाची तिकिटंसुद्धा तिच्या घरी आली. नंतर फोन आला की तिकिटं परत पाठवा, संच निघणार नाही.

का निघणार नाही? पटेल असं कारण तिला कुणी दिलं नाही. गाणं वाईट झालं होतं म्हणावं, तर ते आपण आत्ताच ऐकलं.

इथं थोडं थांबून हा व्यवहार कसा चालतो ते पाहू, कारण आपल्यापैकी अनेक जणी असंघटित क्षेत्रातल्या बायकांबरोबर काम करतात आणि त्यांना यात ओळखीचं बरंच काही दिसेल. त्या काळच्या रूढ करारात गायिका गाते, पण मूळ टेप कंपनीच्या मालकीची. स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, हा सगळा खर्च गायिकेला पुढे मिळणाऱ्या हिश्श्यातून आधी वळता करून घ्यायचा. म्हणजे मालाचा खर्च तिच्या माथी आणि माल कंपनीचा. तो बाजारात आणायचा की कपाटात ठेवायचा हे कंपनीनं ठरवायचं. कपाटात ठेवला म्हणून गायिका तो उचलून दुसऱ्याला विकू शकत नाही, आणि तीच गाणी दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायलाही बहुधा काही वर्षं बंदी. शिवणकाम करणारी बाई न विकलेलं परकर निदान स्वतः नेसू शकते. इथं तेही नाही.

त्यात बेटी गाणी लिहिणारी नव्हे, गाणारी. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आजही कायद्यानं काही मिळत नाही. आपल्याकडे गायकाला रॉयल्टी मिळावी म्हणून लता मंगेशकरांनी साठच्या दशकात आग्रह धरला तेव्हा किती वाद झाला, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. आणि त्या तेव्हाही लता मंगेशकर होत्या. मागं मोठं नाव नसलेल्या बाईनं कुणाच्या जिवावर आग्रह धरायचा?

मग पुढे काय झालं? ‘ती विस्मृतीत गेली’ असं तिच्याविषयीच्या बहुतेक लेखांत असतं, आणि माझं भांडण आहे ते या वाक्याशी. ती कुठंही गेली नव्हती. ती डेट्रॉइटच्या छोट्या क्लबांत, हॉटेलांत, समोर वीस माणसं असली तरी गात होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बबलिंग ब्राउन शुगर’ या संगीत नाटकाबरोबर तिनं देशभर दौरे केले, कॅब कॅलोवेसारख्या बुजुर्गाबरोबर काम केलं. नाच शिकली. जिम लुइस नावाचा तिचा एक व्यवस्थापक होता. तिला फक्त जोरात गाता येतं, गाणं समजून गाता येत नाही, असं त्याचं मत होतं. तिला न आवडणारी जुनी नाटकातली, जॅझमधली गाणी त्यानं तिच्या मानगुटीवर बसून शिकवली. प्रसिद्धी मिळेल न मिळेल, पण हे आलं तर गाऊन पोट भरता येईल, असा त्याचा हिशेब. तो खरा ठरला. १९८२ साली मोटाउननं तिचा एक संच काढला. पहिल्या तबकडीनंतर वीस वर्षांनी पहिला संच! तोही फार चालला नाही. ती गात राहिली.

आता टेपची गोष्ट. १९७८ साली न्यू जर्सी राज्यात लाँग ब्रांच इथं ॲटलांटिकच्या टेप ठेवलेल्या इमारतीला आग लागली. हजारो टेप जळाल्या आणि त्यांत अप्रकाशित माल फार मोठा होता. बेटीच्या टेपही त्यात गेल्या असंच समजलं जात होतं. जील पेतार नावाच्या एका फ्रेंच संग्राहकानं मात्र पिच्छा सोडला नाही. तो विचारत राहिला, शोधत राहिला, आणि मूळ टेप सापडल्या. त्यानं ॲटलांटिककडून परवाना घेऊन २००० साली त्या ‘सुव्हनीर्स’ या नावानं फ्रान्समध्ये काढल्या. पुढे २००६ साली अमेरिकेतही त्या मूळ नावानं निघाल्या.

या माणसाचे उपकार आहेतच. पण ‘बेटी लव्हेटचा शोध लागला’ असं जेव्हा छापून येतं तेव्हा मी पेन्सिल घेऊन खाली लिहिते, ‘टेपचा’. बाईचा पत्ता सगळ्यांना माहीत होता. विचारायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

गाण्यांबद्दल माझं मत विचाराल तर, सगळी सारखी नाहीत. काही ठिकाणी व्हायोलिनांचा ताफा इतका पुढे येतो की तिचा आवाज मागच्या बाकावर बसतो. ‘युअर टर्न टू क्राय’, म्हणजे आता रडायची पाळी तुझी, हे मात्र असं गायलंय की त्यापुढे बोलू नये. संचातलं हे गाणं १९७३ साली सुटं बाजारात आलंही होतं. सोडून गेलेल्या पुरुषाला उद्देशून गाणं म्हटलं की आपल्याला विनवणी अपेक्षित असते. इथं विनवणी नाही. आवाज फाटतो, पण मान खाली जात नाही. २६ वर्षांच्या मुलीनं हे गायलं आहे, यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

या टेपांनंतर तिच्याकडे लोकांचं लक्ष वळलं. २००३ साली नवा संच आला, पुढच्या वर्षी त्याला पुरस्कार मिळाला. आणि २००५ साली तिनं जे केलं ते मला आपल्या या सभेत मुद्दाम सांगायचं आहे. तेव्हा ती ५९ वर्षांची होती. नव्या संचातली सगळीच्या सगळी गाणी बायकांनी लिहिलेली! शिनेड ओकॉनर, डॉली पार्टन, जोन आर्माट्रेडिंग, लुसिंडा विल्यम्स, फियोना ॲपल. यांतल्या बहुतेक जणी तिच्याहून लहान, काही तर लेकीच्या वयाच्या, आणि संगीताच्या अगदी वेगळ्या परंपरांतल्या. जिम लुइसची शिकवणी इथं दिसते. दुसरीचे शब्द घेऊन ते आपल्या आयुष्याच्या मापानं बेतायचे, हीच तिची कारागिरी. २०२० साली तिनं ‘ब्लॅकबर्ड्स’ काढला. त्यात बहुतेक गाणी आधी बिली हॉलिडे, डायना वॉशिंग्टन, नीना सिमोन अशा कृष्णवर्णीय गायिकांनी गायलेली. नव्या बायकांची लेखणी झाली, मग आपल्या आधीच्या बायकांचा गळा. 

मध्ये २००९ साली ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकापुढे लाखोंच्या गर्दीसमोर ती गायली. त्याचं चित्रण तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलं असेल, म्हणून तिथं रेंगाळत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं २००७ साल. ती पुन्हा मसल शोल्सला गेली, या वेळी फेम स्टुडिओत. साथीला ड्राइव्ह-बाय ट्रकर्स नावाचा तरुण वाद्यवृंद. त्याचा एक प्रमुख पॅटर्सन हुड, आणि याचे वडील डेव्हिड हुड १९७२ साली तिच्या मागं बेस गिटार वाजवत होते. तेही या ध्वनिमुद्रणाला आले. संचाचं नाव तिनं ठेवलं ‘द सीन ऑफ द क्राइम’, म्हणजे गुन्हा घडला ती जागा. त्यात एक गाणं आहे, ती बोलता बोलता जे सांगत गेली त्यातून पॅटर्सननं बांधलेलं. गाण्याच्या श्रेयात दोघांचीही नावं आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्या बाईचं नाव गीतकाराच्या जागी छापलेलं मी पाहिलं तेव्हा ते पुन्हा एकदा वाचलं.

आता मी दोन गाणी लावणार आहे. आधी १९७२चं ‘युअर टर्न टू क्राय’, मग २००७चं हे. मध्ये बोलणार नाही. शब्दांचं मराठी भाषांतर कागदावर करून आणलं आहे, ते मागून पुढे पाठवा. प्रश्न त्यानंतर घेऊ.