पडद्यावरचा यवन आणि पांडवलेण्यातला यवन



१२ जानेवारी २०१७ रोजी ‘गौतमीपुत्र सातकर्णी’ हा तेलुगू चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक क्रिश, नायक नंदमुरी बाळकृष्ण. त्यांचा हा शंभरावा चित्रपट. राजमाता गौतमी बलश्रीची भूमिका हेमामालिनींनी केली. या सातवाहन राजाची ओळख जगाला मुख्यतः कशामुळे आहे? आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यातल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या आईने कोरून ठेवलेल्या लेखामुळे. म्हणून या चित्रपटाची झाडाझडती घेण्याचा पहिला हक्क नाशिककरांचा आहे, असं मी मानतो.

चित्रपटात सातकर्णी आधी क्षहरात राजा नहपानाला हरवतो आणि मग त्याची शेवटची मोठी झुंज होते ती डिमेट्रियस या ग्रीक राजाशी. आता कालगणना पाहा. बॅक्ट्रियाचा डिमेट्रियस हा इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. सातकर्णीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कुणीही त्याला इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या मागे फारसं नेत नाही. म्हणजे दोघांत किमान दोन-अडीचशे वर्षांचं अंतर. ही लढाई झालेली नाही, होणं शक्यही नव्हतं.

मग दिग्दर्शकाने ग्रीक आणला कुठून? त्याला आधार आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बलश्रीचा लेख पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, म्हणजे मुलाच्या पश्चात नातवाच्या कारकिर्दीतला. त्यात ती आपल्या मुलाला शक, यवन आणि पह्लवांचा संहारक म्हणते, क्षहरातांचा वंश त्याने निःशेष केला असं सांगते, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायल्याचंही सांगते. ‘यवन’, म्हणजे ग्रीक, तिथे आहेत. मात्र त्यांच्या एकाही राजाचं नाव नाही. ती रिकामी जागा चित्रपटाने चुकीच्या शतकातल्या माणसाने भरली.

सिनेमाला सवलत द्यायलाच हवी. ‘३००’ या चित्रपटात स्पार्टाचे सैनिक उघड्या अंगाने लढतात; खरे स्पार्टन काशाचं शिरस्त्राण आणि मोठी ढाल घेतल्याशिवाय रांगेत उभे राहत नसत. हा चित्रकथेवरून घेतलेला दृश्याचा भाग आहे, तो मी सोडून देतो. पण इसवी सनपूर्व ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत शेवटच्या दिवशी स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्याबरोबर थेस्पिया नगराचे सातशे लोक स्वखुशीने थांबले आणि मेले, असं हिरोडोटस सांगतो. त्यांचं शेवटचं बलिदान पडद्यावरून पुसलं जातं. हे मी सोडत नाही. उद्या पावनखिंडीवर चित्रपट काढून त्यात एकटे बाजीप्रभू लढताना दाखवले आणि बांदल गाळले, तर आपण गप्प बसू का?

‘ट्रॉय’मध्ये मृतांच्या डोळ्यांवर नाणी ठेवतात, त्या काळी नाणी जन्मालाच आली नव्हती. ऑलिव्हर स्टोनच्या ‘अलेक्झांडर’ला तर रॉबिन लेन फॉक्ससारखा ऑक्सफर्डचा इतिहासकार सल्लागार होता. तरीही पडद्यावर पोरसाबरोबरची झेलमकाठची लढाई घनदाट जंगलात झाली आणि अलेक्झांडरला जिव्हारी बाण लागला तोही तिथेच. प्रत्यक्षात तो बाण त्याला काही महिन्यांनी, मल्ल लोकांच्या गढीवर चढून गेल्यावर लागला. दोन प्रसंग एकत्र केले की कथा आटोपशीर होते, हे खरं. पण प्रेक्षक तोच इतिहास घेऊन घरी जातो.

आता आपल्याकडचं पाहा. १९०६ साली सिन्नर तालुक्यात, दारणा आणि गोदावरीच्या संगमावरच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. असं एक नाणं भिंगाखाली धरा. जेमतेम दोन ग्रॅमचं. खाली नहपानाचा चेहरा, त्याच्याभोवती चक्क ग्रीक अक्षरं. आणि त्या चेहऱ्यावरच सातकर्णीचं तीन कमानींचं चैत्यचिन्ह उमटलेलं. नाकावरून, गालावरून कमान गेलेली. कुठे नहपानाचा नुसता डोळा उरलाय, कुठे कडेची दोन-तीन अक्षरं. पराभवाचं याहून बोलकं चित्र कोणता छायालेखक टिपणार आहे? साठ्यातल्या हजारो नाण्यांवर हे नाट्य घडलंय आणि पटकथेला बॅक्ट्रियातून राजा आणावा लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि खरा यवन? तो पांडवलेण्यातच आहे, सतरा क्रमांकाच्या लेण्यात. धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा यवन. त्याने आईवडिलांसाठी हे लेणं खोदवलं, आत चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करवली आणि आपला मुलगा धर्मरक्षित याच्यासह ते भिक्षुसंघाला दिलं. दात्तामित्री हे डिमेट्रियसनेच वसवलेलं नगर असावं, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल, तर डिमेट्रियसचं नाव नाशिकला खरोखरच पोचलं, पण तलवार घेऊन आलं नाही. एका दात्याचं गाव म्हणून आलं. ते लेणं आतून अर्धवट राहिलंय. का राहिलं, इंद्राग्निदत्ताचं पुढे काय झालं, धर्मरक्षित इथेच राहिला की परतला, यावर लेखकाला हवी तेवढी कल्पना लढवता येईल. कल्पनेची जागा ही आहे. कालगणनेत नाही.

एकाच डोंगरात यवनांच्या संहाराचा अभिमान सांगणारी आई आहे आणि बौद्ध संघाला लेणं देणारा यवनही. या दोन्ही गोष्टी एकाच कथेत धरू शकणारा चित्रपट मला पाहायचा आहे. त्यात लढाया जरूर असाव्यात.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने १९१८ नंतर नाशिकमध्येच हिंदुस्थान फिल्म कंपनीचे चित्रपट काढले. समोर बसलेल्यांपैकी जे कॅमेरा हाती धरतात, त्यांना माझी विनंती आहे: स्मारकापाशी थांबू नका, वर चढा. तीन आणि सतरा ही दोन लेणी एका सकाळी पाहून होतात. आणि पटकथेची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एखाद्या पुराभिलेखाच्या अभ्यासकाला बरोबर घ्या.